सॉकेटवरून आलेल्या बाइट्सचे आकडे कसे करायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत मीटर आणि पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक) सांभाळणारे, बीईच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट गळ्याशी आलेले, आणि पायथन रोज वापरूनही सॉकेट (नेटवर्कवरून बाइट पाठवण्या-घेण्याचं प्रोग्राममधलं टोक) कधी न उघडलेले आयटीवाले. तिघांचे प्रश्न निम्म्याहून जास्त सारखेच असतात. उत्तरं पायथन आणि नमपाय (आकड्यांच्या ॲरेसाठीची त्याची लायब्ररी) धरून दिली आहेत, बाकीच्या भाषांचं थोडक्यात शेवटाकडे आहे. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची, हे सांगायला नकोच.

मीटरकडून उत्तर आलं, पण छापून पाहिलं तर अक्षरं आणि उलट्या तिरक्या रेघा दिसतात. यात आकडे कुठे आहेत?

आकडे तिथेच आहेत, पायथन ते तुम्हाला अक्षरं समजून दाखवतोय इतकंच. ज्या बाइटला छापण्याजोगं अक्षर असतं तिथे तो अक्षर दाखवतो, बाकीच्यांना तिरकी रेघ आणि हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातला दोन अंकी आकडा. त्यामुळे प्रिंटवर विसंबू नका. बाइट्सवर हेक्स हे फंक्शन चालवा आणि कंसात अवतरणचिन्हांत एक रिकामी जागा द्या, म्हणजे जोड्या सुट्या दिसतात. पायथन ३.८ पासून ही सोय आहे.

एक खरंखुरं उत्तर घेऊ. मॉडबस म्हणजे मीटर आणि पीएलसी यांच्याशी बोलायचा प्रोटोकॉल, रजिस्टर म्हणजे त्यांच्यातलं १६ बिटांचं घर. मॉडबस टीसीपीवर, म्हणजे ५०२ नंबरच्या पोर्टवर, मीटरला दोन रजिस्टरं मागितली आणि हे १३ बाइट आले:

००  ०१  ००  ००  ००  ०७  ०१  ०३  ०४  ४३  ६६  ००  ००

पहिले दोन बाइट व्यवहाराचा क्रमांक, तुम्ही पाठवलेलाच परत येतो. पुढचे दोन प्रोटोकॉलचे, मॉडबसला कायम शून्य. मग दोन बाइटांत लांबी: इथून पुढे ७ बाइट आहेत. मग युनिट १, फंक्शन ३ म्हणजे होल्डिंग रजिस्टर वाचणे, आणि ४ म्हणजे खरा माल ४ बाइटांचा. उरलेले ४३ ६६ ०० ०० हे व्होल्टेज: २३०.०. नेमकं. पायथनच्या प्रिंटमध्ये हेच कॅपिटल सी आणि स्मॉल एफ असं दिसत होतं.

हे २३० आहे हे त्या चार बाइटांत कुठेही लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या. तेच चार बाइट पूर्णांक म्हणून वाचले तर एक अब्जाच्या वर आकडा येतो, आणि तोही बाइट्सच्या दृष्टीने तितकाच बरोबर. काय मानायचं ते मीटरच्या मॅन्युअलमधला रजिस्टरांचा तक्ता ठरवतो. तो तक्ता समोर नसेल तर कोड लिहायला बसू नका.

ठीक आहे, तक्ता आहे. आता ॲरे कसा करायचा?

एका ओळीत. नमपायचं फ्रॉमबफर वापरा: बाइट्स द्या, डीटाइप '>एफ४' द्या, काउंट १, ऑफसेट ९. डीटाइप म्हणजे आकड्याचा प्रकार आणि माप: एफ४ म्हणजे ४ बाइटांचा फ्लोट, दशांशी आकडा; आधीच्या बाणाचं पुढे येईलच. काउंट म्हणजे किती आकडे, ऑफसेट म्हणजे सुरुवातीचे किती बाइट सोडायचे. ऑफसेट ९ कारण वरच्या उदाहरणात माल दहाव्या बाइटपासून सुरू होतो आणि मोजणी शून्यापासून. दोन रजिस्टरांऐवजी १०० मागवली असती तर काउंट ५० द्यायचा, ओळ तीच. मॉडबसच्या एका वाचनात १२५ रजिस्टरांच्या पुढे जाता येत नाही, म्हणजे ३२ बिटांचे फार तर ६२ आकडे.

काउंट दिला नाही आणि उरलेल्या बाइटांना आकड्याच्या मापाने भाग गेला नाही, तर बफरचा आकार पटीत नाही अशी व्हॅल्यूएरर येते. ती आली की शेवटचे बाइट कापून गप्प करू नका. बहुतेक वेळा ती खरं बोलत असते: तुम्हाला उत्तर अर्धवटच मिळालंय.

जुन्या ट्युटोरियलमध्ये फ्रॉमस्ट्रिंग सापडेल. बायनरी डेटासाठी त्याचा वापर नमपाय १.१४ पासूनच मोडीत काढलाय. कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्ट रिपोर्टांतून तो अजून फिरतो, तिथून उचलू नका.

२३० यायला हवं होतं, आणि ०.०००… असं काहीतरी किंवा अवाढव्य आकडा येतोय. मीटर बिघडलाय का?

मीटर ठणठणीत आहे, बाइट्सचा क्रम उलटलाय. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

एकाहून जास्त बाइटांचा आकडा दोन रीतींनी मांडता येतो. मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवला तर बिग-एंडियन, लहान किमतीचा आधी ठेवला तर लिटल-एंडियन. इंटरनेटच्या प्रोटोकॉलांची हेडरं बिग-एंडियन असतात. तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप, मग तो इंटेलचा असो की एएमडीचा, लिटल-एंडियन. फोनमधला एआरएमसुद्धा व्यवहारात लिटल-एंडियनच चालतो. म्हणून डीटाइपमध्ये बाणाचं चिन्ह न देता नुसतं 'एफ४' लिहिलं की नमपाय मशीनचा स्वतःचा क्रम धरतो आणि गफलत होते. '>' म्हणजे बिग, '<' म्हणजे लिटल. नेटवर्कवरून आलेल्या डेटाला बाणाशिवाय डीटाइप द्यायचाच नाही, हा नियम करून टाका.

मॉडबसमध्ये याच्यावर आणखी एक भानगड आहे. १९७९ साली मॉडिकॉनने तो आणला तेव्हा रजिस्टर १६ बिटांचं ठरलं. रजिस्टराच्या आतले दोन बाइट बिग-एंडियन, हे पक्कं. पण ३२ बिटांचा फ्लोट दोन रजिस्टरांत ठेवताना कुठलं रजिस्टर आधी, हे मानकाने सांगितलंच नाही. मग ज्याने त्याने आपापलं ठरवलं. २३०.० हा एकच आकडा चार रूपांत भेटू शकतो:

४३ ६६ ०० ०० : सरळ.
०० ०० ४३ ६६ : रजिस्टरांची अदलाबदल. सरळ समजून वाचलात तर २.४ गुणिले १० चा उणे ४१ वा घात.
६६ ४३ ०० ०० : रजिस्टराच्या आत बाइट उलटे. सरळ समजून वाचलात तर २.३ गुणिले १० चा २३ वा घात.
०० ०० ६६ ४३ : सगळंच उलटं, म्हणजे लिटल-एंडियन.

यातलं पहिलं आणि चौथं डीटाइपमधल्या बाणाने सुटतं. दुसऱ्याला थोडी मेहनत आहे. आधी '>यू२' (२ बाइटांचा, उणे नसणारा पूर्णांक) म्हणून वाचा, रीशेप करून दोन-दोनच्या ओळी पाडा, प्रत्येक ओळ उलटी करा, असकंटिग्युअसॲरेने सलग प्रत घ्या आणि मग त्यावर व्ह्यू (तेच बाइट दुसऱ्या प्रकाराने वाचणं) '>एफ४' टाका. सलग प्रत घ्यायची पायरी गाळली तर व्ह्यू अडून बसतो. तिसऱ्याला '>यू२' म्हणून वाचल्यावर बाइटस्वॅप आणि मग तोच व्ह्यू.

आपल्या मीटरचा क्रम कुठला हे मॅन्युअलमध्ये असतं, पण ते छापील वाक्य शेवटचं प्रमाण मानू नका. एकाच मॅन्युअलच्या दोन पानांवर दोन क्रम लिहिलेले पाहायला मिळतात. ज्याची किंमत आधीच ठाऊक आहे असं रजिस्टर वाचून खात्री करा. फ्रिक्वेन्सी त्यासाठी उत्तम, ती ५० च्या आसपासच असणार. अजून एक: तक्त्यात ४०००१ लिहिलेलं रजिस्टर वायरवर पत्ता ० ने मागायचं असतं. एकाने चुकलात तर दोन शेजारच्या आकड्यांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडून येतात, आणि मग बाण कितीही फिरवा, काही जुळत नाही.

बाइटस्वॅप, न्यूबाइटऑर्डर, ॲस्टाइप. कुठलं कधी?

बाइटस्वॅप मेमरीतले बाइट खरोखर उलटतो, लेबल तसंच ठेवतो. डीटाइपचा न्यूबाइटऑर्डर लेबल बदलतो, बाइटांना हात लावत नाही. दोन्हींत दिसणारी किंमत बदलते. ॲस्टाइप मात्र किंमत तीच ठेवून मांडणी बदलतो. वाचताना बाण बरोबर दिला असेल तर पहिल्या दोघांची गरजच पडत नाही, शेवटी एकदा ॲस्टाइप 'एफ४' केलं की झालं. ॲरेवरून थेट न्यूबाइटऑर्डर बोलावण्याची सोय नमपाय २.० मध्ये काढून टाकली आहे.

टेस्टिंगला नीट चालतं, पण साइटवर कधी पूर्ण उत्तर येतं, कधी अर्धं. नेटवर्क खराब आहे का?

नाही, तुमचा समज खराब आहे. रिसीव्हला १०२४ सांगितलं म्हणजे १०२४ बाइट मिळतील असं कोणी कबूल केलेलं नाही. १०२४ ही कमाल मर्यादा. तेवढे मिळतील, किंवा ३ मिळतील, किंवा दोन उत्तरं एकमेकांना चिकटून मिळतील. टीसीपी हा बाइटांचा सलग प्रवाह आहे. पेठेतल्या नळाला सकाळी पाणी येतं ते बादल्या पाडून येत नाही, बादली आपण लावायची आणि भरली की बंद आपण करायचं, तसलाच प्रकार.

टेबलावर हे उघड होत नाही, कारण एकाच मशीनवर किंवा एकाच स्विचवर छोटं उत्तर बहुतेकदा एकसंध येतं. मोठा डेटा मात्र तुटतोच. इथरनेटच्या फ्रेममध्ये १५०० बाइट मावतात, आयपी आणि टीसीपीची हेडरं वजा जाता फार तर १४६० उरतात. ८ बाइटांचे डबल पाठवत असाल तर १४६० ला ८ ने भाग जात नाही, तेव्हा एखादा आकडा मधोमध चिरला जाणं अगदी साहजिक.

उपाय म्हणजे हवे तेवढे बाइट जमेपर्यंत थांबणारं एक छोटं फंक्शन:

जमा = रिकामा बाइटॲरे
जोवर जमाची लांबी न पेक्षा कमी आहे तोवर:
    तुकडा = सॉकेट.रिसीव्ह(न वजा जमाची लांबी)
    तुकडा रिकामा असेल तर: एरर द्या, बाहेर पडा
    जमामध्ये तुकडा जोडा

रिकाम्या तुकड्याची ओळ विसरू नका. रिकामे बाइट म्हणजे पलीकडच्याने जोडणी बंद केली. ती तपासणी नसेल तर लूप अनंतकाळ फिरतो, सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो आणि मशीनचा पंखा सगळ्या शॉपफ्लोअरला ऐकू जातो.

आता मॉडबससाठी दोन टप्पे: आधी नेमके ६ बाइट वाचा, त्यातल्या शेवटच्या दोनांतून लांबी काढा, मग तेवढे बाइट वाचा. त्यानंतरच फ्रॉमबफर. असिंकआयओ वापरत असाल तर रीडएग्झॅक्टली हे काम तयारच करून देतं. साध्या सॉकेटवर मेकफाइल करून रीड केलं तरी चालतं.

मधे टाइमस्लीप टाकून "थोडं थांबलं की पूर्ण येतं" हा इलाज पुण्यातल्या किती प्रोजेक्टांत जिवंत आहे देव जाणे. व्हायवाला चालतो. रात्रपाळीला चालत नाही.

यूडीपीलाही असंच करायचं का?

नको. यूडीपीत सलग प्रवाह नसतो, सुटी पॅकेटं असतात. एक डेटाग्राम, म्हणजे असं एक पॅकेट, एका वाचनात अख्खा येतो किंवा येतच नाही. फक्त बफर पुरेसा मोठा द्या. लिनक्सवर बफर लहान पडला तर उरलेला डेटाग्राम मुकाट्याने टाकून दिला जातो. क्रम आणि गळती यांची काळजी तुमची, म्हणून पाठवणाऱ्याकडून प्रत्येक पॅकेटात अनुक्रमांक घाला.

स्ट्रक्ट वापरू की नमपाय?

हेडरला स्ट्रक्ट (बाइट उलगडायचं पायथनचं मॉड्यूल), मालाला नमपाय. दहा-बारा बाइटांसाठी नमपायचा ॲरे उभा करण्यात अर्थ नाही आणि लाखभर आकडे स्ट्रक्टने एकेक करून काढण्यातही नाही. एखादाच पूर्णांक हवा असेल तर इंटचं फ्रॉमबाइट्स पुरतं.

स्ट्रक्टमध्येही पहिलं चिन्ह महत्त्वाचं. '>' किंवा '!' दिलं तर बिग-एंडियन आणि ठरलेली मापं. काहीच दिलं नाही तर मशीनचा क्रम, मशीनची मापं आणि मधे भरतीचे बाइट. 'बीआय', म्हणजे एक बाइट आणि एक पूर्णांक, याचं माप नेहमीच्या मशीनवर चिन्ह नसताना ८ निघतं आणि '>' दिल्यावर ५. 'एल' तर त्याहून फसवा: चिन्हाशिवाय ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइट, विंडोजवर ४. ऑफिसच्या विंडोजवर लिहिलेला कोड साइटच्या लिनक्सवर कोसळतो तो अशाने.

प्रत्येक नोंदीत वेळ, तापमान, दाब असं वेगवेगळ्या मापांचं काही असेल तर?

स्ट्रक्चर्ड डीटाइप करा. समजा वेळ '>यू४', तापमान '>आय२', आर्द्रता '>यू२' अशी ८ बाइटांची नोंद आहे. नावं आणि माप यांच्या जोड्यांची यादी डीटाइपला द्यायची, फ्रॉमबफर एकदा चालवायचं, आणि मग ॲरेला 'तापमान' विचारलं की सगळ्या नोंदींची तापमानं एका रांगेत हजर. सेन्सर दशांश वाचवायला १० ने गुणून पाठवतात, म्हणजे २५.५ अंश २५५ म्हणून येतात, वायरवर ०० एफएफ. हेच उलटं वाचलं तर उणे २५६, आणि १० ने भागल्यावर उणे २५.६ अंश. पाषाणच्या थंडीतसुद्धा हे होत नाही, त्यामुळे चूक निदान लगेच दिसते. दाबाच्या बाबतीत चुकीचा आकडा पटण्याजोगा निघू शकतो, तिथे जपा.

ॲरेत बदल करायला गेलो तर तो फक्त वाचण्यापुरता आहे म्हणतो.

फ्रॉमबफर प्रत करत नाही, तुमच्याच बाइट्सवर खिडकी उघडतो. बाइट्स हा प्रकार बदलता येत नाही, म्हणून ॲरेही नाही. शेवटी कॉपी लावा, किंवा ॲस्टाइप करा, त्यात प्रत होतेच.

खरा त्रास याच्या उलट बाजूला आहे. वेगासाठी तुम्ही बाइटॲरे घेतला, रिसीव्हइंटूने त्याच बफरमध्ये पुन्हा पुन्हा वाचताय आणि प्रत्येक वेळचा ॲरे यादीत ठेवताय. तासाभराने पाहावं तर यादीतले सगळे ॲरे एकसारखे, सगळ्यांत शेवटचंच रीडिंग. कारण सगळ्या खिडक्या एकाच खोलीत उघडतात. किंवा वापरून झालेले बाइट बाइटॲरेच्या सुरुवातीतून डिलीट करायला गेलात की बफरएरर: कोणीतरी अजून धरून ठेवलंय, आकार बदलता येत नाही. तो धरणारा म्हणजे तुमचाच नमपाय ॲरे. दोन्हींवर औषध एकच, ठेवायचा ॲरे कॉपी करून ठेवा.

डीकोड केल्यावर यूटीएफ-८ची एरर येते.

आकड्यांचे बाइट डीकोड करायचेच नसतात. मजकूर असेल तिथेच डीकोड, तेही नेमका तेवढा तुकडा कापून.

मजकुराची लांबी आधी पाठवणारा प्रोटोकॉल तुम्हीच ठरवत असाल तर लांबी बाइटांत लिहा, अक्षरांत नाही. इंग्रजी नावांवर टेस्ट केलंत तर फरक कळणार नाही. 'पुणे' पाठवून पाहा: पायथनच्या लेखी ४ चिन्हं, यूटीएफ-८मध्ये १२ बाइट. लांबी ४ लिहिलीत तर 'प' पूर्ण आणि उकाराचा पहिला बाइट इतकंच हाती लागतं, आणि पुढचे सगळे आकडे ८ बाइटांनी सरकतात.

उणे आकडे चुकतात.

नव्वद टक्के वेळा यू (उणे नसणारा पूर्णांक) आणि आय (उणेही असू शकणारा) यांची अदलाबदल झालेली असते. एफएफ एफएफ हे यू२ म्हणून ६५५३५, आय२ म्हणून उणे १.

उरलेल्यांत हवामानवाले येतात. शिवाजीनगर-पाषाण भागात हवामानाचं काम करणाऱ्यांची वस्ती आहे, तेव्हा हा प्रश्न पुण्यात येणारच. हवामानाचे आकडे ठेवणारी ग्रिब फाइल जीआरआयबी या चार अक्षरांनी सुरू होते, ७७७७ ने संपते, आकडे बिग-एंडियन. पण उण्यासाठी तिथे टूज कॉम्प्लिमेंट, म्हणजे संगणकांची उणे आकड्यांची नेहमीची रीत, नाही. सर्वांत वरचा बिट १ केला की उणे, बाकीचे बिट नुसती किंमत. ८० ०५ म्हणजे तिथे उणे ५. '>आय२' ने वाचलंत तर उणे ३२७६३. ग्रिब हाताने उलगडायच्या फंदात पडू नका, तयार लायब्ररी वापरा.

वाचलेले आकडे बरोबर आहेत, पण गुणाकार चुकतो.

आय२ ॲरेतल्या २०० ला आय२ ॲरेतल्या २०० ने गुणलं तर उत्तर उणे २५५३६ येतं. ४०००० हे १६ बिटांत मावत नाही आणि नमपाय ॲरेच्या गणितात पूर्णांक ओसंडला तरी तक्रार करत नाही. वायरवरचं माप वायरपुरतं. आत आल्याबरोबर ॲस्टाइपने आय८ किंवा एफ८ करून घ्या. रेडिओच्या ८ बिटी नमुन्यांचा वर्ग काढणाऱ्यांनी तर नक्कीच.

खगोलशास्त्राच्या फिट्स फाइलमधला ॲरे पांडाजला (पायथनची तक्त्यांची लायब्ररी) दिला तर बिग-एंडियन चालत नाही म्हणतो.

गणेशखिंडीतल्या संस्थांत शिकणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा आहेत, आणि त्या जगातली देवाणघेवाण बरीचशी फिट्समध्ये चालते. फिट्समधले आकडे मानकानुसार बिग-एंडियन. नमपाय ते निमूट सांभाळतो, पांडाजच्या आतल्या काही भागांना मात्र मशीनचाच क्रम लागतो. पांडाजला देण्याआधी ॲस्टाइपने मशीनच्या क्रमात आणा.

जावास्क्रिप्ट, जावा, सी?

जावास्क्रिप्टमध्ये वेबसॉकेटचा बायनरीटाइप 'ॲरेबफर' करा, नाहीतर ब्लॉब हातात पडतो. फ्लोट३२ॲरे मशीनचाच क्रम धरतो आणि ऑफसेट ४ च्या पटीत नसेल तर रेंजएरर देतो, म्हणजे आपल्या मॉडबसच्या ९ व्या ऑफसेटला तो कामाचाच नाही. डेटाव्ह्यू वापरा, तो काही न सांगता बिग-एंडियन वाचतो.

जावाचा बाइटबफर मुळातच बिग-एंडियन. मात्र तिथे बाइट उणे असू शकतो, म्हणून २५५ शी अँड करायची सवय लावा.

सी मध्ये नेटवर्कचा क्रम मशीनच्या क्रमात आणणारी एनटीओएचएस, एनटीओएचएल आहेत. बफरच्या मधल्या पत्त्यावर फ्लोटचा पॉइंटर कास्ट करू नका, मेमकॉपी करा. कास्ट तुमच्या पीसीवर चालेल आणि एखाद्या छोट्या कंट्रोलरवर फॉल्ट देईल.

पलीकडून आलेल्या लांबीवर विश्वास ठेवायचा का?

मुळीच नाही. लांबीचं घर ४ बाइटांचं असेल आणि कोणी त्यात चारही एफएफ भरले तर तुमचा प्रोग्राम चार जीबी वाचायला बसेल. वाचायच्या आधी मर्यादा तपासा. मॉडबस टीसीपीचं अख्खं उत्तर २६० बाइटांच्या पुढे जात नाही, म्हणजे लांबीच्या घरात २५४ पेक्षा मोठा आकडा दिसला की जोडणी तोडा. आणि सोपं पडतं म्हणून नेटवर्कवरून पिकल (पायथनच्या वस्तू जशाच्या तशा साठवायची रीत) पाठवू नका. पिकल उघडणं म्हणजे समोरच्याचा कोड आपल्या मशीनवर चालवू देणं.

मीटर कारखान्यात, मी कोथरूडला. घरून टेस्ट कसं करू?

पायथनच्या सॉकेट मॉड्यूलमध्ये सॉकेटपेअर आहे, दोन्ही टोकं तुमच्याच हातात. एका टोकातून वरचे १३ बाइट पाठवा, पण एकेक करून, मधे थोडं थांबत. दुसऱ्या टोकाला तुमचं वाचणारं फंक्शन लावा; २३०.० आलं पाहिजे. मग दोन उत्तरं चिकटवून एकदम २६ बाइट पाठवा, दोनदा २३०.० आलं पाहिजे आणि एकही बाइट उरता कामा नये. मग ८ बाइट पाठवून टोक बंद करा. एरर आली पाहिजे, प्रोग्राम लटकता कामा नये.

साइटवर जाणाऱ्या माणसाला नेटवर्कवरचे बाइट टिपणाऱ्या वायरशार्कमध्ये ५०२ पोर्टचा फिल्टर लावून पाच मिनिटांची कॅप्चर फाइल आणायला सांगा. त्या फाइलमधले बाइट काढून टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्या वेळी मीटरच्या डिस्प्लेवर काय दिसत होतं त्याचा फोटोही.